परराज्यातील व परदेशातील नोकरी आणि प्राप्तिकर

पोटापाण्यासाठी गाव सोडणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. रत्नागिरी, रायगड व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील तरुण पिढ्यानपिढ्या बोटीवर जात आले आहेत. १९७० नंतरच्या दशकात आखाती देशांची वाट खुली झाली आणि कोकणातील अनेक घरांचा चुली-संसार तेथून येणाऱ्या पैशावर चालू लागला. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील गलाई कारागीर सोने-चांदी शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरले. पुण्या-मुंबईचे अभियंते बंगळूर, हैदराबाद, लंडन व न्यू जर्सी येथे काम करू लागले. अशा रीतीने मिळवलेल्या पैशातून गावाकडे घरे उभी राहिली, मुलांची शिक्षणे झाली आणि शेतावर विहिरी खोदल्या गेल्या.

या कमाईबरोबर एक प्रश्नही घरी येतो. काम एका ठिकाणी, घर दुसऱ्या ठिकाणी आणि बँकेचे खाते तिसऱ्या ठिकाणी असेल तर प्राप्तिकर कोठे भरावयाचा? तो दोनदा भरावा लागेल काय? ऐकीव माहितीवर विसंबल्यामुळे काहींना न लागणाऱ्या कराची धास्ती वाटते, तर काहींच्या हाती लागणाऱ्या कराची नोटीस व्याजासह पडते. वास्तविक या विषयाची मूळ सूत्रे थोडी आहेत. देशांतर्गत स्थलांतराने प्राप्तिकर बदलत नाही. देशाबाहेर गेल्यास मात्र वर्षभरातील वास्तव्याचे दिवस, उत्पन्नाचा उगम आणि हाती असलेली कागदपत्रे या तीन गोष्टींवर सर्व काही अवलंबून असते.

एक देश, एक प्राप्तिकर

भारतात प्राप्तिकराची सुरुवात १८६० मध्ये झाली. त्यानंतर १८८६, १९२२ व १९६१ या वर्षी त्यासंबंधीचे कायदे झाले. १९६१ च्या अधिनियमाची जागा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ याने घेतली असून त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून सुरू होतो. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, ‘मागील वर्ष’ व ‘आकारणी वर्ष’ या गोंधळात टाकणाऱ्या संज्ञा जाऊन ‘करवर्ष’ ही एकच संज्ञा आली. परंतु वास्तव्याच्या आधारे कर आकारण्याचे तत्त्व कायम राहिले.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार शेतीव्यतिरिक्त उत्पन्नावरील कर हा संघसूचीतील विषय आहे. शेती उत्पन्नावरील कर राज्यसूचीत आहे. म्हणून केरळात, पंजाबात वा महाराष्ट्रात काम करणाऱ्या पगारदाराला प्राप्तिकराचे दर एकच असतात. हा कर केंद्र शासन गोळा करते आणि त्यातील हिस्सा वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांना मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी विभाज्य करांतील ४१ टक्के वाटा राज्यांना देण्याची शिफारस केली होती. अमुक राज्यात काम केल्याने त्या राज्याला वेगळा प्राप्तिकर द्यावा लागेल, ही शंका त्यामुळे निराधार ठरते. ज्याची दुकाने दोन-तीन राज्यांत आहेत अशा गलाई व्यावसायिकाला वस्तू व सेवा कराची नोंदणी राज्यवार करावी लागते. प्राप्तिकरासाठी मात्र त्याचा कायम खाते क्रमांक एकच व विवरणपत्रही एकच असते.

राज्य बदलल्यावर काय बदलते?

राज्यागणिक बदलणारा कर म्हणजे व्यवसाय कर. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ अन्वये राज्यांना तो बसवता येतो. त्याची कमाल मर्यादा पूर्वी वर्षाला २५० रुपये होती; १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. महाराष्ट्रात हा कर १९७५ पासून लागू आहे. दुष्काळाच्या काळात उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला निधी मिळावा या हेतूने तो बसविण्यात आला, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. शहरातील पगारदाराच्या वेतनातून दरमहा कापले जाणारे २०० रुपये आणि दुष्काळी गावातील मजुराच्या हाताला मिळणारे काम यांचा असा थेट संबंध जोडला गेला. महाराष्ट्रात दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना १ एप्रिल २०२३ पासून या करातून सूट आहे. कर्नाटक, गुजरात, तेलंगण, पश्चिम बंगाल अशा राज्यांत हा कर आहे. दिल्ली व हरियाणात तो नाही. कर्मचारी ज्या राज्यात काम करतो तेथील नियम त्याला लागू होतात. त्यामुळे बदलीनंतर वेतनपत्रकातील ही कपात बदललेली दिसली तर त्यात वावगे काही नसते.

नोकरी बदलताना होणारी चूक मात्र खर्चिक ठरते. समजा, एका कर्मचाऱ्याने २०२५-२६ मध्ये पहिले सहा महिने पुण्यात दरमहा १ लाख रुपयांवर काम केले आणि ऑक्टोबरपासून चेन्नईत दरमहा दीड लाखाची नोकरी धरली. पुण्याच्या मालकाच्या अंदाजाप्रमाणे वर्षाचे वेतन १२ लाख रुपये आणि चेन्नईच्या मालकाच्या हिशेबाने ९ लाख रुपये. नव्या करपद्धतीत निवासी व्यक्तीचे करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणून दोघांनीही उगमस्थानी करकपात केली नाही. प्रत्यक्षात एकूण वेतन १५ लाख रुपये झाले. त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर १४ लाख २५ हजारांवर कर येतो ९३,७५० रुपये आणि ४ टक्के उपकरासह ९७,५०० रुपये. विवरणपत्र भरण्याच्या वेळी ही रक्कम एकदम, व्याजासह उभी राहते. नव्या मालकाकडे आधीच्या वेतनाचा तपशील वेळीच दिला तर तो उरलेल्या महिन्यांत थोडा थोडा कर कापतो आणि ही आपत्ती टळते.

काही प्रदेशांसाठी कायद्यात खास तरतुदी आहेत. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. जी दांपत्ये त्या पद्धतीखाली येतात त्यांचे घरभाडे, व्याज, व्यवसायाचा नफा इत्यादी उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे विभागून आकारले जाते. पगार मात्र ज्याने कमावला त्याच्याच नावे धरला जातो. सावंतवाडीहून पणजीला नोकरीसाठी जाणाऱ्या व्यक्तीला केवळ तेथे काम केल्याने ही पद्धत लागू होत नाही. ईशान्येकडील विनिर्दिष्ट क्षेत्रांत राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना तेथे निर्माण होणाऱ्या उत्पन्नावर आणि सिक्कीमी व्यक्तींना सिक्कीममधील उत्पन्नावर सूट आहे. ही सूट त्या व्यक्तीच्या दर्जाशी निगडित आहे. महाराष्ट्रातून तेथे नेमणुकीवर गेलेल्या शिक्षकाला वा अधिकाऱ्याला ती मिळत नाही.

परदेशी नोकरी : दिवसांचा हिशेब

देशाची सीमा ओलांडली की पहिला प्रश्न येतो तो ‘निवासी’ की ‘अनिवासी’ हा. येथे नागरिकत्व गौण आहे. भारतीय पारपत्रधारक असूनही एखादी व्यक्ती प्राप्तिकरासाठी अनिवासी ठरू शकते. निवासी व्यक्तीच्या जगभरातील उत्पन्नावर भारतात कर लागतो. अनिवासी व्यक्तीला मात्र भारतात मिळालेल्या अथवा भारतात निर्माण झालेल्या उत्पन्नावरच कर द्यावा लागतो.

एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात १८२ दिवस किंवा अधिक वास्तव्य झाले तर ती व्यक्ती निवासी होय. वर्षात ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस वास्तव्य असले तरीही ती निवासी ठरते. परंतु नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी ही ६० दिवसांची अट लागू न होता १८२ दिवसांचीच अट लागते. परदेशातून सुटीवर येणाऱ्या नागरिकालाही तीच सवलत आहे. मात्र ज्याचे परदेशी उत्पन्न वगळून उरणारे उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असेल त्याच्यासाठी २०२०-२१ पासून ही मर्यादा १२० दिवसांवर आली आहे.

या दिवसांचे मोल किती असते ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, रत्नागिरी जिल्ह्यातील एका तंत्रज्ञाने २०२५-२६ मध्ये सप्टेंबरपर्यंत येथे ३ लाख रुपये वेतन मिळवले आणि नंतर दुबईतील नोकरीत मार्चअखेरपर्यंत १२ लाख रुपये कमावले. तो २० सप्टेंबरला निघाला असेल तर निघण्याचा दिवस धरून त्याचे भारतातील वास्तव्य १७३ दिवस भरते. तो अनिवासी ठरतो, दुबईचा पगार तेथेच मिळालेला असल्यास येथे करपात्र होत नाही आणि ३ लाखांवर कर शून्य येतो. तोच तंत्रज्ञ घरचे कार्य आटोपून ३० सप्टेंबरला निघाला तर वास्तव्य १८३ दिवसांचे होते. तो निवासी ठरतो आणि दुबईच्या १२ लाखांसह पंधरा लाखांचा हिशेब होतो. वर दाखविल्याप्रमाणे त्यावरील कर ९७,५०० रुपये. संयुक्त अरब अमिरातीत वैयक्तिक वेतनावर प्राप्तिकर नाही. त्यामुळे तेथे भरलेला कर दाखवून येथे वजावट मागण्याचीही सोय राहत नाही. दहा दिवसांच्या फरकाने कुटुंबाची जवळजवळ लाखाची रक्कम जाते. त्या वर्षी २८ सप्टेंबरपर्यंत निघालेल्याचे दिवस १८१ भरतात. २९ सप्टेंबरला १८२ पूर्ण होतात. येण्याचा व जाण्याचा दिवस कसा मोजावा याविषयी वाद झालेले आहेत. म्हणून दोन्ही दिवस भारतातील धरून चार-आठ दिवसांची मोकळीक ठेवणे हिताचे असते.

आखाती देशांतील कामगारांत २०२० च्या अर्थसंकल्पानंतर मोठी घबराट पसरली होती. कोणत्याही देशात करदायित्व नसलेल्या आणि परदेशी उत्पन्न वगळता १५ लाखांहून अधिक उत्पन्न असलेल्या भारतीय नागरिकास ‘मानीव निवासी’ समजण्याची तरतूद त्या वर्षी झाली. आखातातील प्रत्येक पगारावर आता कर लागणार, असा समज त्यातून पसरला. तिकडे प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांच्या तेथील पगारावर कर बसविण्याचा हेतू नाही, असे केंद्र शासनाने २ फेब्रुवारी २०२० रोजी स्पष्ट केले.

परदेशी नेमणूक झालेल्या शासकीय कर्मचाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. भारतीय नागरिकाला परदेशातील सेवेबद्दल शासनाकडून मिळणारे वेतन भारतातच निर्माण झाले असे कायदा मानतो. म्हणून वकिलातीतील कर्मचाऱ्याचे वेतन तो अनिवासी असला तरी येथे करपात्र असते. परदेशी नेमणुकीबद्दल मिळणाऱ्या भत्त्यांना मात्र सूट आहे.

पगार कोठे जमा होतो?

अनिवासी व्यक्तीला भारतात ‘मिळालेले’ उत्पन्न येथे करपात्र असल्याने पगार प्रथम कोणत्या खात्यात पडतो याला महत्त्व येते. परदेशी मालकाने दिलेला पगार तेथील बँकेत जमा होऊन मग घरी पाठविला गेला तर ते पैसे पाठविणे होय. त्याने पगार येथे मिळाला असे होत नाही. मालकाने तो थेट भारतातील खात्यात भरला तर वादाला जागा राहते.

खलाशांच्या बाबतीत हा वाद बरीच वर्षे चालला, कारण बोटीवरच्या माणसाचे परदेशी बंदरात खाते असणे कठीण. अखेर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०१७ मध्ये परिपत्रक काढून खुलासा केला. अनिवासी खलाशाने परदेशी जाणाऱ्या जहाजावर भारताबाहेर केलेल्या सेवेचे वेतन केवळ त्याच्या भारतातील अनिवासी परकीय खात्यात जमा झाले म्हणून करपात्र धरू नये, असे त्यात म्हटले आहे. जहाजावरील भारतीय ध्वज वा परदेशी ध्वज असा भेद त्यात केलेला नाही. खलाशाचे दिवस मोजण्याची रीतही ठरवून दिलेली आहे. भारतातून परदेशी बंदराकडे किंवा तेथून भारताकडे होणाऱ्या पात्र सफरीसाठी त्याच्या सेवा-नोंद पुस्तिकेतील, म्हणजे सीडीसीतील, जहाजावर रुजू होण्याच्या तारखेपासून सेवामुक्तीच्या तारखेपर्यंतचा काळ भारतातील वास्तव्यातून वगळला जातो. किनाऱ्याकिनाऱ्याने देशांतर्गत माल वाहणाऱ्या जहाजावरील काळाला ही तरतूद लागू नाही. नोंदपुस्तिकेतील दोन शिक्के खलाशाच्या करनिर्णयाचा असा आधार ठरतात; म्हणून ती पुस्तिका जपून ठेवली पाहिजे.

दोन देश, एकच उत्पन्न

एक देश म्हणतो, माणूस आमच्याकडे राहतो. दुसरा म्हणतो, काम आमच्या भूमीवर झाले. दोन्ही दावे आपापल्या जागी खरे असल्याने एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसण्याचा संभव असतो. त्यावरील उपाय म्हणून भारताने ९० हून अधिक देशांशी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार केले आहेत. अमेरिकेशी १९८९ मध्ये, तर संयुक्त अरब अमिरातीशी १९९२ मध्ये असा करार झाला.

या करारांतील एक कलम अल्पमुदतीच्या कामासाठी फार उपयोगी आहे. भारतीय कंपनीचा कर्मचारी दुसऱ्या देशात गेला, तेथे त्याचे वास्तव्य १८३ दिवसांहून अधिक झाले नाही, वेतन तेथील मालकाने दिले नाही आणि कंपनीच्या तेथील कायम आस्थापनेवर त्याचा खर्च पडला नाही, तर तो देश सर्वसाधारणपणे त्या वेतनावर कर आकारीत नाही. या सर्व अटी एकत्र पूर्ण झाल्या पाहिजेत. पाच महिन्यांच्या कामासाठी गेलेला अभियंता दिवसांच्या अटीत बसतो. पण वेतनाचा बोजा तेथील शाखेने उचलला तर सवलत जाते. शिक्षक व संशोधक यांच्यासाठीही काही करारांत कलम आहे. अमेरिकेशी झालेल्या करारानुसार विद्यापीठात अध्यापन वा संशोधनासाठी जाणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत तेथील करातून सूट मिळू शकते.

परदेशात कर भरावाच लागला तर निवासी करदात्याला त्याची वजावट येथे मिळते. समजा, परदेशी उत्पन्नावर तेथे ८०,००० रुपये कर भरला आणि त्याच उत्पन्नावर भारतीय दराने १,२०,००० रुपये होतात. तर येथे ४०,००० रुपये भरावे लागतात. तेथे १,५०,००० रुपये भरले असतील तर १,२०,००० रुपयांपर्यंतच वजावट मिळते. वरचे ३०,००० रुपये भारत शासन परत करीत नाही. ज्या देशाशी करार नाही तेथील उत्पन्नासाठीही भारतीय कायद्यात एकतर्फी सवलत आहे. वजावटीसाठी विहित नमुन्यातील विवरण व परदेशात कर भरल्याचा पुरावा सादर करावा लागतो. हा नमुना पूर्वीच्या नियमांत क्रमांक ६७ चा होता. नव्या कायद्याबरोबर नमुन्यांचे क्रमांक बदलले असल्याने विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. करवर्ष न जुळल्यानेही अडचण होते. भारताचे वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचे जानेवारी ते डिसेंबर आणि ब्रिटनचे ६ एप्रिल ते ५ एप्रिल. परदेशी प्रमाणपत्रातील वार्षिक आकडा जसाच्या तसा येथे उतरवता येत नाही. महिनावार वेतनपत्रके हाताशी असतील तरच हिशेब जुळतो.

अमेरिकेत गेलेल्यांपुढे आणखी एक पायरी असते. तेथे संघीय प्राप्तिकराबरोबर अनेक राज्ये स्वतःचा प्राप्तिकर घेतात. टेक्सास व फ्लोरिडा यांसारख्या राज्यांत तो नाही. न्यू जर्सीत घर व न्यू यॉर्कमध्ये नोकरी असलेल्या व्यक्तीला न्यू यॉर्क राज्याचा कर द्यावा लागतो आणि त्याची वजावट न्यू जर्सीच्या करात मिळते. भारत-अमेरिका करार तेथील संघीय प्राप्तिकरापुरता आहे. राज्यांचा प्राप्तिकर त्यात अंतर्भूत नाही. आपल्याकडे एकाच केंद्रीय प्राप्तिकराच्या व्यवस्थेने पगारदाराचा किती त्रास वाचतो, हे या तुलनेतून ध्यानी येते.

गावाकडील मिळकत व कुटुंब

परदेशातील मुलाने आईवडिलांना किंवा पतीने पत्नीला पाठविलेले पैसे स्वीकारणाऱ्याच्या हाती करपात्र नसतात, कारण कायद्याने ठरविलेल्या नातेवाइकांकडून आलेल्या देणगीला रकमेची मर्यादा नाही. मित्राकडून वा परिचिताकडून वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम विनामोबदला आली तर ती करपात्र होते. म्हणून दुसऱ्याच्या मुलाचे पैसे ओळखीखातर आपल्या खात्यात घेण्याची गावाकडची रीत अडचणीत आणू शकते.

अनिवासी परकीय खात्यावरील, म्हणजे एनआरई खात्यावरील, व्याज करमुक्त आहे. भारतातील भाडे, लाभांश इत्यादी जमा करण्यासाठी असलेल्या अनिवासी सामान्य, म्हणजे एनआरओ, खात्यावरील व्याजावर मात्र ३० टक्के व उपकर असा कर बँक उगमस्थानी कापते. अमिरातीतील निवासी असल्याचा तेथील शासनाचा दाखला दिल्यास करारान्वये हा दर कमी होऊन १२.५ टक्क्यांपर्यंत येतो. हा दाखला न आणल्यामुळे किती तरी कुटुंबांचे पैसे दरवर्षी जास्तीचे कापले जातात. विवरणपत्र भरले तरच ते परत मिळू शकतात.

अनिवासी व्यक्तीला १२ लाखांपर्यंतची सवलत मिळत नाही, हेही लक्षात ठेवावयास हवे. निवासी व्यक्तीचे करपात्र भाडे उत्पन्न ६ लाख रुपये असेल तर २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत कर शून्य. तेवढ्याच उत्पन्नावर अनिवासी व्यक्तीला पहिले ४ लाख सोडून २ लाखांवर ५ टक्के व उपकर मिळून १०,४०० रुपये द्यावे लागतात. भारतातील जमिनीचे शेती उत्पन्न दोघांनाही करमुक्त आहे. मात्र जुन्या पद्धतीप्रमाणेच नव्या पद्धतीतही ते ५,००० रुपयांहून अधिक असेल तर इतर उत्पन्नावरील दर ठरविताना हिशेबात धरले जाते. परदेशातील शेतीच्या उत्पन्नाला ही सूट नाही.

गावातील घर वा भूखंड विकणारा अनिवासी असेल तर खरेदीदारावर जबाबदारी येते. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत ५० लाख रुपयांपासून पुढे १ टक्का करकपात असते. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत अशी किमान मर्यादा नाही आणि दरही बराच जास्त असतो. कर न कापता खरेदीखत उरकणाऱ्या खरेदीदाराकडून तो व्याजासह वसूल होऊ शकतो. पंचायत सदस्यांच्या मध्यस्थीने होणाऱ्या व्यवहारांत ही सूचना वेळीच दिली गेली तर दोन्ही कुटुंबांचे नुकसान टळेल.

परतल्यानंतर

कायमचे परत आल्यावर एनआरई खाते निवासी खात्यात बदलून घेणे आवश्यक असते. त्यानंतर व्याजाची सूट राहत नाही. दीर्घकाळ परदेशी राहिलेल्यांना कायद्याने थोडी उसंत दिली आहे. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेली, किंवा मागील सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांपर्यंतच राहिलेली व्यक्ती निवासी झाली तरी ‘सामान्यतः निवासी नसलेली’ या वर्गात राहते आणि तोवर तिच्या परदेशी व्याजावर वा भाड्यावर सर्वसाधारणपणे येथे कर लागत नाही. हा काळ संपला की परदेशातील खाती व मालमत्ता विवरणपत्रात जाहीर कराव्या लागतात. त्या लपविल्यास २०१५ च्या काळा पैसाविषयक कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे; स्थावर मालमत्ता वगळता एकूण २० लाख रुपयांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला १ ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून वगळले आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

प्राप्तिकराचे नोटीस व आकारणी यांचे काम आता बहुतांशी संगणकावर चालते. पत्र घरी न येता ई-मेलवर येते आणि महिनोन्‌महिने समुद्रावर असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. उत्तर देण्याची मुदत निघून जाते आणि साधी चौकशी मोठ्या मागणीत बदलते. यासाठी जाण्यापूर्वी घरातील जबाबदार व्यक्तीस रीतसर प्रतिनिधी नेमावे आणि विभागाच्या संकेतस्थळावर चालू ई-मेल व भ्रमणध्वनी क्रमांक नोंदवावा. अनिवासी झाल्याची नोंदही तेथे करावी. आधार जोडणीतून सूट असूनही ही नोंद न केल्यामुळे अनेक अनिवासींचे कायम खाते क्रमांक २०२३ मध्ये निष्क्रिय झाले होते, आणि त्या वर्षी जुलैमध्ये विभागाला त्याबाबत खुलासा करावा लागला.

तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आणि प्राप्तिकर विवरणपत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत; एक असल्याने दुसऱ्याची गरज संपत नाही, हे शाळेत येणाऱ्या पालकांना शिक्षकांनी समजावून सांगावे. परदेशी वा परराज्यात जाणाऱ्या प्रत्येकाने एक फाइल घरी ठेवावी. त्यात पारपत्राच्या शिक्के असलेल्या पानांच्या प्रती, नेमणुकीचा करार, महिनावार वेतनपत्रके, मालकाने दिलेले करकपातीचे प्रमाणपत्र, दोन्हीकडील बँकेची विवरणे, परदेशात कर भरल्याच्या पावत्या, तेथील निवासाचा दाखला आणि खलाशी असल्यास सेवा-नोंद पुस्तिकेची प्रत असावी. पहिल्या पानावर वर्षवार येण्याजाण्याच्या तारखा लिहून दिवसांची बेरीज मांडावी. गुंतागुंतीच्या प्रकरणी जाणकार कर सल्लागाराचे मत घ्यावे. पण सल्लागारालाही हीच कागदपत्रे लागतात.

ग्रामसभेत वा शाळेच्या पालकसभेत वर्षातून एकदा या विषयाची माहिती दिली, तर तिचा लाभ अनेक घरांना होईल. घरापासून दूर राहून, कुटुंबाचा विरह सोसून मिळवलेल्या पैशातील न्याय्य वाटा राष्ट्राला देण्यास हे कष्टकरी का-कू करीत नाहीत. अज्ञानामुळे त्यांना दुप्पट भरावे लागू नये आणि हक्काची सूट हातची जाऊ नये, एवढी काळजी गावातील जाणत्यांनी घेतली पाहिजे.